पोच

खडवली, ८ जानेवारी १९९५

चि. शुभदा हिला,

आशीर्वाद मागाहून देते, आधी भांडते. गेल्या आठवड्यात तुझ्या शिवराम काकाच्या हातून जवळ्याची चटणी धाडली. स्टीलचा डबा, झाकणावर माझं नाव कोरलंय तो. शिवराम म्हणतो, तू कारखान्यात गेलेलीस म्हणून डबा तुझ्या घरमालकिणीच्या, त्या रमाबाईंच्या हातात ठेवला. बरं, पुढे? डबा तुला मिळाला, की त्यांनीच मटकावला, की मांजरानं सांडला? तुझी एक ओळ नाही. पोच द्यायला हात दुखतात का गं? मी कोपरच्या खाडीवरून टोपली घेऊन डोंबिवलीत मासळी विकायची, तेव्हा माडीवरची बाई दोरीनं पिशवी वर ओढून घ्यायची आणि वरून ओरडायची, "आली गं!" तेवढं ऐकल्याशिवाय मी पुढच्या दारात जात नसे.

शिवराम म्हणतो, स्टेशनाजवळच्या बूथवरून फोन कर. मी नाही करत. तिथं अर्धी खडवली कान लावून उभी असते, आणि तो लाल आकडा पळायला लागला की मी काय बोलणार होते तेच विसरते. पत्रात कसं, पाय पसरून बोलता येतं. माझी शाळा दुसरीपर्यंतच. अक्षरं होडीसारखी डुलतात, पण बुडत नाहीत.

भांडले तरी सांगते, मी सध्या फार खुशीत आहे. तू दिलेलं कंपनीचं कॅलेंडर शिवरामच्या चहाच्या टपरीत लावलंय. येईल त्याला सांगते, माझी नात इथं काँप्युटरवर असते, मी वाढवलेली. काल शेजारची मनुबाई म्हणाली, "असते म्हणजे नक्की करते काय?" ते मलाच कुठं ठाऊक? तर नीट लिहून कळव.

तुझी आजी,
आवडाबाई


मानपाडा, १५ जानेवारी १९९५

ती. आजी, नमस्कार.

डबा मिळाला, चटणी मात्र अर्धीच होती. उरलेल्या अर्ध्या चटणीबद्दल रमाकाकू काही बोलत नाहीत, आणि मी आजवर त्यांना शाकाहारी समजत होते. कळवायला हवं होतं, चुकले.

आता माझं काम. आमचा औषधांचा कारखाना आहे. इंजेक्शनच्या बाटल्या थंड खोल्यांत ठेवलेल्या असतात. त्या खोल्यांवर एक प्रोग्राम लक्ष ठेवतो, त्याला अ‍ॅप्लिकेशन म्हणतात. त्या अ‍ॅप्लिकेशनचे लॉग टेलिफोनच्या तारेवरून ठाण्याच्या मोठ्या ऑफिसात पाठवायचे, हे माझं काम. पाठवणारा भाग मी स्वतः लिहिलाय. रविवारी इकडे कोणी नसतं, तेव्हा ठाण्याला ड्युटीवर असेल त्यानं ते वाचायचे आणि काही बिघडलं तर इकडे माणूस धाडायचा.

मार्चअखेर मला कायम करायचं की नाही हे इकडचं आणि ठाण्याचं दोन्हीकडचं काम बघणारे बिवलकर साहेब ठरवतील. कायम झाले की खोली घेणार. एक बघून ठेवलीये, तळमजल्यावर, मागे छोटी गॅलरी. मग तुला इथे आणेन. काकांच्या पोटमाळ्यावर तू शिडी चढून झोपायला जातेस, ते मला बघवत नाही.

तुझी,
शुभदा


खडवली, २२ जानेवारी १९९५

चि. शुभदा,

तुझं पत्र आलं आणि माझ्या हातून चूक झाली. चष्मा घरी राहिलेला, म्हणून शिवरामला टपरीवरच वाचायला सांगितलं, सगळ्यांसमोर. वाचून तो म्हणाला, "आई, अ‍ॅप्लिकेशन म्हणजे अर्ज. आणि लॉग म्हणजे लोग. हिंदीत लोकांना म्हणतात ना, तेच."

अगं, म्हणजे ज्यांनी नोकरीसाठी अर्ज केले ते लोक तू ठाण्याला पिटाळतेस? ते पण तारेवरून? तिकडच्या गावांनी जमिनी दिल्या तेव्हा कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या पोरांनी अर्ज केला की "ठाण्याला जा"? ठाणं काय शीळफाट्याच्या पलीकडे ठेवलंय, चालत जायला? आणि हे काम करायला तुम्हाला माझीच नात सापडली?

मनुबाई तिथंच उभी होती. तिच्या गोमाजीनं कारखान्यांत किती अर्ज केले असतील, त्याची गणती नाही. ती एकदम म्हणाली, "तरीच!" तेव्हापासून नळावर माझी बादली पायानं सरकवते. मी आजवर कोणाच्या तोंडचा घास काढला नाही, आणि तू तारेवरून लोकं हाकलतेस. असलं काम करून मिळवलेल्या गॅलरीत मी पाय नाही ठेवणार. खुलासा कर.

आजी


मानपाडा, २९ जानेवारी १९९५

ती. आजी,

मी एवढ्यांदा हसले की रमाकाकू दार वाजवायला आल्या. लॉग म्हणजे लोक नाहीत गं! लॉग म्हणजे नोंद, काय घडलं त्याचा निरोप. गोमाजीला मी कुठेही पाठवलेलं नाही. खोली थंड आहे की तापली, एवढंच पाठवते.

फक्त हे निरोप साधे नसतात. तू मनुबाईच्या घरचं भांडण सांगायला बसलीस की तिच्या माहेरापासून सुरुवात करतेस. यंत्राला ते झेपत नाही. त्याला तुझ्या मिसळणाच्या डब्यासारखं लागतं, हळदीच्या वाटीत हळद, मोहरीच्या वाटीत मोहरी. तसं एका खणात कधी झालं, दुसऱ्यात कुठल्या खोलीत, मग कोण सांगतंय, किती गंभीर, आणि शेवटी काय झालं. म्हणजे ठाण्याचं यंत्र सगळी कहाणी वाचत बसत नाही. "किती गंभीर"च्या खणात डोकावतं आणि गरज असेल तरच ओरडतं.

एकच गोष्ट मला खटकते. ठाण्याच्या यंत्राकडून पोच येत नाही. इकडून पाठवायचं आणि विसरायचं. मी बिवलकर साहेबांना म्हटलं, प्रत्येक निरोपाची पोच घेऊ या, नाही आली तर पुन्हा पाठवू. ते म्हणाले, "तार अडून बसेल. आणि मॅडम, तुम्ही अजून नवीन आहात."

तुझी,
शुभदा


खडवली, ५ फेब्रुवारी १९९५

चि. शुभदा,

मनुबाईला सांगितलं, थंड-गरम पाठवते माझी नात, तुझा गोमाजी आहे तिथंच आहे. आता बादली सरळ ठेवते. शिवरामला मात्र दोन दिवस चहा मी दिला नाही, त्याच्याच टपरीत.

तुझे खण मला भारी आवडले. आता मी तसंच लिहिणार. कधी: मंगळवारी सकाळी. कुठे: मोरीत. कोण सांगतंय: मी, दुसरं कोण आहे इथं सांगणारं. किती गंभीर: शिवरामच्या मते फार, माझ्या मते काही नाही. काय झालं: शिवराम आपटला. बघ, झालं की नाही? फक्त त्यानं माझ्यावर केलेली आरडाओरड यात कुठं बसेना. साबण मी टाकला नव्हता, त्याच्या बायकोनं टाकला होता. हे कुठल्या वाटीत घालायचं ते तुझ्या यंत्राला विचारून ठेव.

पण तुझ्या साहेबाचं वाचून माझं डोकं तापलंय. पोच येत नाही म्हणजे काय? पोरगी जीव टाकून निरोप धाडते आणि समोरचा "हं" म्हणत नाही? अगं, अशा माणसाला आपल्यात काय म्हणतात ठाऊक आहे ना? पोच नाही! शिक्षण असेल, खुर्ची असेल, टाय असेल, पण पोच नाही. दिलेलं घ्यावं आणि मिळालं म्हणावं, एवढी पोच माझ्या गिऱ्हाइकांना होती, आणि ती तर वर कोलंबी शिळी आहे म्हणून भांडायची. "तुम्ही नवीन आहात" म्हणे. नवीन माणसानं विचारलं की जुन्यानं सांगायचं असतं, की टोमणा मारायचा असतो?

येताना डबा आण.

आजी


मानपाडा, १९ फेब्रुवारी १९९५

ती. आजी,

मी बरी आहे. काम जरा जास्त आहे. पुढच्या रविवारी येणार होते, ते जमणार नाही. खोलीचं सध्या राहू दे. काळजी करू नकोस.

शुभदा


खडवली, २३ फेब्रुवारी १९९५

शुभे,

हे पत्र आहे की "आज दुकान बंद" अशी पाटी? एवढंच लिहायचं होतं तर कार्ड टाकायचंस, अख्खं इनलँड कशाला वाया घालवलंस?

गेल्या खेपेला "काळजी करू नकोस" म्हणालीस तेव्हा तुझा हात मोडलेला. चौथीत होतीस, दप्तराआड लपवून आलेलीस. तोच सूर आहे हा. बाकीचे खण भरलेस आणि "किती गंभीर" मोकळा ठेवलास. आजीला फसवायचं तर जरा बरं तरी फसवावं.

उलट टपाली लिही. खरं लिही. नाहीतर गाडी पकडून येते, आणि रमाबाईंच्या दारात बसून चटणीचा हिशेब सुरू करते.

आजी


मानपाडा, २६ फेब्रुवारी १९९५

ती. आजी,

येऊ नकोस, सांगते.

दोन रविवारांपूर्वी एका खोलीचं थंड करणारं यंत्र बंद पडलं. कारखान्यात कोणी नव्हतं. माझ्या प्रोग्रामनं निरोप पाठवला, गंभीरच्या खणात "अतिगंभीर" घालून. खोली तापत गेली तसा पाठवतच राहिला. ठाण्याहून कोणी आलं नाही. सोमवारी दार उघडलं तर सगळ्या बाटल्या वाया. नशीब, बाहेर कुठे गेल्या नाहीत.

बिवलकर साहेब म्हणतात, ठाण्याला काहीच आलं नाही, म्हणजे तुम्ही पाठवलंच नाही. मी माझ्या मशीनवर दाखवलं, साहेब, हे बघा, पाठवलंय. तर म्हणाले, "पाठवलं असं तुमचं मशीन म्हणतं. पोचलं कशावरून?" मी काय दाखवणार? पोच नको असं तेच म्हणाले होते. पण ते सगळ्यांसमोर विचारत होते, आणि मला रडू यायला लागलं, म्हणून ते न सांगताच बाहेर निघून आले.

त्यांनी एक माफीनामा टाईप करून ठेवलाय. प्रोग्राममध्ये माझी चूक होती, त्यामुळे नुकसान झालं, क्षमा असावी. सही केली तर कायम करण्याचा विचार करतील. नाही केली तर मार्चमध्ये घरी. सगळे म्हणतात, एक सही तर आहे, करून टाक. मला वाटतं करावी. इथे माझं ऐकायला कोणी नाहीच आहे, आजी.

शुभदा


खडवली, १ मार्च १९९५

ठाण्याच्या ऑफिसातले सर्वांत मोठे साहेब यांस,

मी तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या कॅलेंडरला ओळखते. पत्ता त्याच्यावरूनच घेतला.

तुमच्या बिवलकर साहेबांना पोच नाही. ठाण्याला त्यांच्या हाताखाली जे यंत्र बसवलंय, त्यालाही पोच नाही. मानपाड्याहून शुभदा नावाची मुलगी त्याला निरोपावर निरोप धाडते. उगाच अघळपघळ नाही, मी लिहिते तसे नाही. कधी, कुठे, कोण, किती गंभीर, काय झालं, सगळं आपापल्या खणात. खोली तापायला लागली तेव्हा तिनं पुन्हा पुन्हा पाठवलं. तिकडून हूं नाही की चूं नाही. आणि माल नासला तेव्हा विचारता, तू पाठवलंस कशावरून!

मी दारोदार मासळी विकली आहे. दारात हाक मारली आणि आतून कोणी ओ दिली नाही, तर लोक हाक मारणारीचा घसा तपासत नाहीत. आत माणूस आहे का, झोपलाय का, की कानात बोळे घालून बसलाय, ते बघतात. तुमच्याकडे कोणी बघितलं का? की मुलगी नवीन आहे, रडते, म्हणून तिच्याच नावानं कागद टाईप केला? टाईप करायची एवढी घाई, तेवढी त्या रविवारी केली असती तर बाटल्या वाचल्या असत्या.

मला राग येतो. तुम्हालाही यायला पाहिजे, माल तुमचा होता.

हे पत्र पोचपावतीसकट रजिस्टर करते आहे. त्या पावतीवर तुम्हाला सही करावी लागेल. दुसऱ्यांच्या सह्या मागणाऱ्यांना तेवढी सवय बरी.

आवडाबाई, शुभदाची आजी


ठाणे, १० मार्च १९९५

श्रीमती आवडाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले दि. १ मार्चचे पत्र संचालकांकडून "तांत्रिक तक्रार" या शेऱ्यासह आमच्या संगणक विभागाकडे आले. "बिवलकर साहेबांना पोच नाही, त्यांच्या हाताखालच्या यंत्रालाही पोच नाही" या आपल्या निरीक्षणावरून आम्ही ठाण्याची बाजू तपासली. आजपर्यंत फक्त मानपाड्याची बाजू तपासली गेली होती, हे खेदाने नमूद करते.

आपण सुचवल्याप्रमाणे "कानात बोळे आहेत का" हेही पाहिले. आहेत. मानपाड्याहून येणारे निरोप ऐकून छापणारा प्रोग्राम ठाण्याच्या संगणकावर बंद होता. छपाईयंत्राची सतत कटकट होते म्हणून श्री. बिवलकर यांच्या तोंडी सूचनेवरून तो बंद केला होता, असे ड्युटीवरील कर्मचाऱ्याने सांगितले. निरोप तारेवरून येत होते, ते घ्यायला कोणी नव्हते. कु. शुभदा यांच्या कामात दोष आढळला नाही. प्रत्येक निरोपाला पोच देण्याची व्यवस्था आम्ही आता करत आहोत.

नेमका दोष दाखवल्याबद्दल आभार. आपण या क्षेत्रात कोणत्या संस्थेत काम केले आहे, हे कळवल्यास आनंद होईल.

आपली,
शीला प्रधान
संगणक विभागप्रमुख


मानपाडा, १४ मार्च १९९५

ती. आजी,

तू काय लिहिलंस ते शीलाबाईंनी मला वाचून दाखवलं. त्या स्वतः मानपाड्याला आलेल्या. त्यांना अजूनही वाटतंय की माझी आजी टेलिफोन खात्यातून रिटायर झाली. मी तसंच वाटू दिलं.

आधी एक सांगून टाकते. मी सही केलेली होती. तुझं पत्र ठाण्याला पोचायच्या आदल्याच दिवशी. शीलाबाईंनी तो माफीनामा मागवला, बिवलकर साहेबांसमोर ठेवला आणि विचारलं, "हा मजकूर कोणाचा?" ते म्हणाले, "ऑफिसचा." त्या म्हणाल्या, "मग सही पण ऑफिसची घ्यायची होती," आणि तो कागद उभा-आडवा फाडला. मला कायम केल्याचं पत्र काल मिळालं. बिवलकर साहेबांकडे आता फक्त गोदाम आहे.

आणि गंमत ऐक. ठाण्याच्या यंत्रानं पोच म्हणून कुठला शब्द उलट पाठवायचा, ते मला ठरवायला सांगितलं. इंग्रजी अक्षरंच चालतात. मी पी, ओ, सी, एच अशी चार अक्षरं दिली. काल पहिला निरोप पाठवला आणि माझ्या पडद्यावर शब्द उमटला: पोच. बिवलकर साहेब किल्ल्या द्यायला आलेले, मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "हे काय आलं?"

मी म्हटलं, "पोच, साहेब. यंत्राला आली."

डबा काकांबरोबर पाठवतेय. गॅलरीवाली खोली अजून रिकामी आहे.

तुझी,
शुभदा


खडवली, १९ मार्च १९९५

चि. शुभदा,

पत्र पोचलं. शिवरामनं टपरीवर दोनदा वाचलं. "यंत्राला आली" तिथं मनुबाईनं टाळी वाजवली आणि गोमाजीनं सगळ्यांना चहा पाजला. त्यालाही भिवंडीकडे कुठं कामाला बोलावलंय, तुझ्या तारेशिवाय. मी एवढी खुश आहे की काल शिडी चढताना गुडघा दुखला तेही उशिरा कळलं.

आता रागाचं ऐक. सही केलीस? मला न सांगता? पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं, हे तू त्या साहेबाला शिकवायला गेलीस, आणि स्वतः काय केलंस? एकदा "काळजी करू नकोस" पाठवलंस आणि विसरलीस. मी खोदून विचारलं म्हणून बोललीस. म्हणे, माझं ऐकायला कोणी नाही! मी इथं काय कानात बोळे घालून बसले होते? यापुढे अतिगंभीर असेल तर मला पाठवायचं, आणि मी ओ देईपर्यंत पाठवत राहायचं. बूथवर फोन केलास तरी चालेल. ऐकू दे अर्ध्या खडवलीला.

आणि बिवलकरनं तुला सॉरी म्हटलं का? म्हटलं असतं तर तू लिहिलं असतंस. गोदाम दिलं म्हणजे माफी झाली होय? तुझ्याकडून टाईप करून मागत होता, आता त्यानं हातानं लिहून द्यावी. त्या शीलाबाईंना कळव, मी तक्रार नव्हती केली, शिवी दिली होती. त्यांनी ती एवढी मन लावून वाचली, तर बाई चांगली आहे. माझी संस्था विचारतात, तर सांग, मच्छी बाजार, डोंबिवली.

डबा आला. आत तिळाच्या वड्या आहेत, त्या रमाबाईंच्या हातच्या दिसतात, म्हणजे चटणी त्यांनीच खाल्ली हे कबूल झालं. पण झाकण माझं नाही. माझं नाव कोरलेलं झाकण त्यांच्याकडेच राहिलंय. ते मी स्वतः येऊन घेणार आहे. खाली लिहिते, नीट वाच.

कधी: पाडवा झाला की. कुठून: खडवली, पोटमाळा. कोण सांगतंय: आवडाबाई. किती गंभीर: अति. काय: गॅलरीत राहायला निघाली आहे.

पोच दे. नाही आली तर पुन्हा पाठवीन.

आजी